एक सुतक, तीन दिवाण

माझे वडील हयात आहेत.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. गेल्या मार्गशीर्षात हे वाक्य मला इतक्या लोकांना ऐकवावं लागलं की अजूनही बाजारात कुणी नुसतं "काय, कसं काय?" म्हटलं तरी मी आधी "आबा मजेत आहेत" असं सांगतो आणि मग कोथिंबीर बघतो.

झालं असं की आबा घरामागच्या वाडीत पडले. वय चौऱ्याऐंशी, आणि पडले कसे, तर पोफळीच्या झावळीवरून पाय घसरून. (झावळी जमिनीवर पडलेली होती. आबा पोफळीवर चढले होते असं गावातले निम्मे लोक सांगतात आणि आबा ते कधीही खोडून काढत नाहीत.) खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि लवकरच आबा वॉकर धरून वॉर्डभर फिरत इतर पेशंटांना "तुमचं काय मोडलं?" असं आपुलकीने विचारू लागले.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "घरी आरामखुर्ची आहे?"

"आहे ना! ओटीवर. आबांचा सगळा दिवस तिच्यातच जातो."

"ती आधी माळ्यावर टाका. जमिनीवर बसायचं नाही, खोल बसायचं नाही. पण म्हणून दिवसभर आतल्या खोलीत पडूनही राहायचं नाही. दिवसा बसायला, लवंडायला काहीतरी टणक, गुडघ्याच्या उंचीचं बघा."

डॉक्टर गेले तसे आबांनी मला जवळ बोलावलं. "हे बघ उल्हास, काय आणायचं ते आण. पण ओटीवर ठेव, मला रस्ता दिसला पायजे. आणि माझं मला उठता आलं पायजे. दर वेळेला 'मला उठवा रे, मला उठवा रे' करायचं असंल तर मी इथंच बरा. इथं निदान घंटी तरी आहे."

हे ते हसत म्हणाले, पण माझं मनगट धरून ठेवलं होतं ते काही सोडलं नाही. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस मी, एवढं साधं काम आपण चोख करून दाखवायचंच असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

संध्याकाळी मुंबईहून मुलीचा, ऋताचा, व्हिडिओ कॉल आला. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, सोप्पं आहे. आबांना डे-बेड लागणार."

"म्हणजे?"

"दिवसा आराम करायचा पलंग."

"मग रात्री त्याचं काय करायचं?"

"रात्री तो सोफा असतो."

"आणि दिवसा?"

"दिवसापण सोफाच. पण बेड."

मी फोन बायकोकडे दिला. सुनंदा म्हणाली, "अगं, दिवाण म्हण की सरळ!" त्यावर ऋताने डे-बेड आणि दिवाण यांतला फरक आम्हाला बराच वेळ समजावून सांगितला. शेवटी आम्हा दोघांना आधी जे थोडंफार कळलं होतं तेही कळेनासं झालं.

इथून आमच्या घरात तीन पक्ष पडले. ऋताला कंटेम्पररी हवा होता. बारीक पाय, पांढरट लाकूड, कुठेही नक्षी नाही. सुनंदाला अँटिक हवा होता, कारण आमच्या आसपास मुंबईकरांचे बंगले झाल्यापासून तिने त्यांच्या ओसऱ्यांवर शिसवी पलंग पाहिलेले आहेत. "ते मुंबईचे लोक येऊन आपल्याच लोकांचे पलंग विकत घेतात, आणि आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो!" आणि माझ्या मनात काय होतं ते माझं मलाच माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, आधी अभ्यास करू.

पोयनाडच्या पुढे रस्त्याला लागून एका गुजराती शेठचं जुन्या फर्निचरचं गोदाम आहे. मी आणि सुनंदा तिथे गेलो. आत नुसते पलंग! पलंगावर पलंग, पलंगाखाली पलंग, आणि सगळ्यांत वरच्या पलंगावर झोपलेलं एक मांजर.

"शेठ, अँटिक आणि व्हिंटेजमध्ये फरक काय?" मी विचारलं.

"जुओ साहेब," शेठ म्हणाले, "शंभर वर्षांच्या वर गेला तो अँटिक. पन्नास-साठचा असेल तो व्हिंटेज. त्याच्या खाली नुसता जुना."

"म्हणजे हा?"

"हा? हा अँटिक."

"आणि हा?"

"हा अँटिक होणार छे. हमणां व्हिंटेज."

"कशावरून?"

"तुम्ही घेणार असाल तर अँटिक," शेठ मनमोकळेपणाने म्हणाले.

तेवढ्यात सुनंदाला एक पलंग दिसला आणि ती गप्प झाली. (सुनंदा दुकानात गप्प झाली की समजावं.) शिसवी, कातलेल्या पायांचा, पाठीला मोर कोरलेले. मी हात लावून पाहिला. उंची माझ्या कमरेला! "आबा यावर शिडी लावून चढणार का?" मी विचारलं. सुनंदा म्हणाली, "चला घरी." मला वाटलं, पटलं तिला.

इथे माझं चुकलं. सुनंदाला वाटलं की मी थट्टा करतोय म्हणजे मला आवडलाय, आणि तिने दुसऱ्या दिवशी शेठला फोन करून तो पलंग पॉलिशला टाकला. तिकडे ऋताला आईने "बघू या" म्हटलं होतं. तिने तो होकार समजून आपला डे-बेड ऑनलाइन मागवूनही टाकला. आमच्या गावापर्यंत ते आणून देत नाहीत, म्हणून मुंबईच्या पत्त्यावर. आणि मी म्हटलं, या दोघी काही एकमेकींचं ऐकायच्या नाहीत, तेव्हा आपणच मधला मार्ग काढावा! माझा जुना सहकारी पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला चालला होता. त्याच्याकडे एक दिवाण होता. सागवानी सांगाडा, वर सनमायका, सनमायकावर उगवता सूर्य, पोटात सामान ठेवायची पेटी, आणि वर असा जाडजूड स्पंज की बसल्यावर माणूस सावकाश खाली जातच राहतो. सहकाऱ्याने तो मला इतक्या आनंदाने देऊन टाकला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

म्हणजे एका आबांसाठी तीन दिवाण निघाले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपला एकच आहे.

रविवारी आबांना घरी सोडायचं होतं. माझा दिवाण आदल्या संध्याकाळीच येऊन पडवीत उभा होता. सुनंदाने तो पाहिला आणि सरळ भाकऱ्या थापायला निघून गेली. (तिचा मोरवाला उद्या येणार होता ना!) सकाळी लवकर "मी जरा पोयनाडला जाऊन येते" एवढंच म्हणून ती गेली. मी दिवाणाची पेटी उघडली तर आतून असा वास आला की मी तो कसाबसा ओढत अंगणात आणून उन्हात ठेवला. मग त्यावर नवी गादी टाकली, म्हणजे तीही तापेल. गादीवर नवी चादर, नवी उशी. आणि आबांसाठी आणलेलं सगळं सामान, काही विसरायला नको म्हणून, त्यावरच नीट मांडून ठेवलं. न घसरणाऱ्या नव्या चपला. नवी काठी. अंगणात फेऱ्या मारताना ऊन लागू नये म्हणून काळी छत्री. नवीन धोतर. पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र. एक घोंगडी. लांबून बघितलं, समाधान वाटलं, घराला कुलूप लावलं, आणि मी अलिबागला निघून गेलो.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की बाराव्या-तेराव्याला त्याच्या नावाने गुरुजींना शय्यादान करतात. पलंग, गादी, उशी, पांघरूण, धोतर, चपला, काठी, छत्री, पाण्याचा तांब्या. गेलेल्याला पुढच्या वाटेवर कशाची उणीव पडू नये म्हणून. लहानपणापासून मी हे कितीतरी घरी पाहिलं आहे. पण स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने, एकही वस्तू न विसरता शय्या मांडताना ते माझ्या डोक्यात आलं नाही!

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. सगळ्यात आधी शेजारच्या कुसुमकाकी फुलं काढायला आल्या. अंगणात शय्या, घराला कुलूप, आणि आबा दोन आठवडे दिसलेले नाहीत. त्यांच्या हातातली परडी पडली. "म्हातारा गेला! आनि आमाला सांगितलं पन न्हाय!" कुलूप आहे म्हणजे सगळे विधीला गेले असणार हे त्यांनी ओळखलं. मग त्या घरी गेल्या, दुःखाच्या घरी चूल पेटलेली नसेल म्हणून पिठलं-भाताचा टोप चढवला, आणि पिठलं शिजेपर्यंत गावाला कळवलं.

लोक जमले. पांढरे सदरे, डोक्याला टोप्या, खाली माना. थोड्याच वेळात आमचे वामनगुरुजी आले, आणि ते चांगलेच तापले होते. "माझ्या बापापासून या घराचं सगळं आम्ही करतो. आणि तेराव्याला मला बोलावणं नाही? कुणाला आणलं? नागावच्याला? की चौलच्याला?"

"आता भांडायची येळ हाय का, गुरुजी?" कुसुमकाकी डोळे पुसत म्हणाल्या.

"भांडत नाही. विचारतोय," गुरुजी म्हणाले आणि रुसून शय्येपासून लांब जाऊन उभे राहिले.

इतक्यात दारात टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी सुनंदा, आणि मागे मोरवाला पलंग! गर्दीतून एक कुजबुज गेली. दुसरी शय्या? दुसरी कुणाची? लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. उल्हास कुठे दिसत नाही...

सुनंदाने दारातली गर्दी पाहिली. हॉस्पिटलमधून इथे निरोप आला आणि आपल्याला कळलं नाही, असं तिला वाटलं. आता आमच्याकडे अशा वेळी कुणी सरळ नाव घेऊन बोलत नाही, अमका गेला असं म्हणत नाही. त्यामुळे कुसुमकाकींनी तिला मिठी मारली आणि एवढंच म्हटलं, "व्हायचं ते झालं गो बाय. तुला आता खंबीर राह्यला पायजे."

"कधी?" सुनंदाने विचारलं.

"म्हंजी? तुलाच म्हाईत!"

"मला कुणी काही सांगितलंच नाही हो!" म्हणत सुनंदा रडत मटकन बसली. कशावर? अंगणात दुसरं काय होतं? त्या उगवत्या सूर्याच्या दिवाणावर. ती स्पंजमध्ये खाली जात राहिली आणि शय्येवर बसली म्हणून गर्दी "अगं, अगं!" करत राहिली. ड्रायव्हर टेम्पोतून ओरडत होता, "वहिनी, माल उतारू का नको? मला पुढं वडखळला भाडं हाय!"

तेवढ्यात गाड्या वाहून आणणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरून, मैत्रिणीसोबत तिच्या गाडीतून ऋता आली. गाडीच्या टपावर लांबच लांब, सपाट खोकी बांधलेली. तिने पाहिलं: पांढऱ्या कपड्यातली माणसं, गुरुजी, आणि पलंगात बुडालेली, रडणारी आई. तिने "आबा!" म्हणून जो हंबरडा फोडला त्याने ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही उरली नाही. दोघींनी मला फोन लावले. माझा फोन हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे बंद होता. म्हणजे मीही संपलो हे नक्की झालं. आणि टपावरची खोकी हीसुद्धा शय्याच आहे असं मैत्रिणीकडून कळल्यावर मागून एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "यांच्यात मानसं होती तरी किती?"

आणि अशा वेळी मी गाडी हळूहळू चालवत, प्रत्येक खड्ड्याला आबांच्या शिव्या खात, घराच्या वळणावर आलो.

समोर गर्दी. टेम्पो. रडणं. मी घाईघाईने घरची माणसं मोजली. सुनंदा ती बसलीय. ऋता ती तिच्या गळ्यात पडलीय. आबा माझ्या मागे बसलेत. म्हणजे उरलो मी! क्षणभर मला खरोखर वाटलं की मीच गेलोय आणि नेहमीप्रमाणे मला कुणी सांगितलेलं नाही.

मागची काच खाली झाली. आबांनी डोकं बाहेर काढलं, गर्दीवरून नजर फिरवली आणि मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "कोण रे, कोण गेलं?"

कुसुमकाकींच्या हातातला पिठल्याचा टोप सुटता सुटता राहिला. गुरुजींनी जानव्याला हात घातला. पहिली हलली ती ऋता. ती धावत आली आणि खिडकीतूनच आबांच्या गळ्यात पडली. सुनंदालाही धावायचं होतं, पण तिला दिवाणातून उठता येईना. तिला दोघांनी ओढून बाहेर काढलं. मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. सगळे एकदम बोलत होते, सगळे एकमेकांना "तूच म्हणालास!" म्हणत होते, आणि शेवटी सगळ्यांच्या माना फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या.

"छत्री कशाला ठेवलीस?" सुनंदाने विचारलं.

"ऊन लागू नये म्हणून."

"कुणाला?"

मी छत्री उचलून पाठीमागे धरली.

आबा मात्र अत्यंत खूश होते. इतके लोक आपल्यासाठी आलेले त्यांनी त्यांच्या पंचाहत्तरीलाही पाहिले नव्हते. "आता आलाच आहात तर थांबा सगळे. कुसुम, पिठलं झणझणीत आहे ना? आण इकडं." आणि कार्यक्रमाचा ताबा घेऊन ते म्हणाले, "आधी ते पलंग ओटीवर घ्या. बघू, मला कुठला उठू देतो ते."

मोरवाला वर चढवला. त्यावर आबांना बसवायला दोघं लागले. बसल्यावर त्यांचे पाय लोंबकळत राहिले. "दिसतं छान," आबा म्हणाले, "मुंबईपर्यंत दिसतं. पण उतरू कसा?" त्यांना उतरवून घेतलं. मग माझा. आबा बसले आणि जाऊ लागले. आम्ही पाहत राहिलो आणि ते जातच राहिले. काठी टेकवून त्यांनी एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला, मग माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलात मनगट धरलं होतं तेव्हाचा चेहरा होता तो. मला फार वाईट वाटलं. मी आणि गुरुजींनी त्यांना खेचून वर काढलं.

मग ऋताची खोकी फोडली. आत फळ्या, बोल्ट आणि एक चित्रांचा कागद, ज्यातला माणूस सगळं हसत हसत जोडतो. सुतकाला आलेले लोक सदऱ्यांच्या बाह्या वर सारून कामाला लागले. "ही फळी उलटी हाय." "उलटी न्हाय, तू उलटा बसलायस." जोडून झाल्यावर एक बोल्ट उरला. तो जादाचा असतो असं ऋता म्हणाली, पण आधी गुरुजींना बसवून बघावं असं सर्वानुमते ठरलं. गुरुजी बसले. हलले. काही झालं नाही.

आबा बसले. पाय जमिनीला नीट टेकले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, एक घोट पाणी घेतलं, मग काठीवर हात ठेवला. कुणी पुढे आलं तसं त्यांनी हातानेच थांबवलं. आणि उठले. आपले आपण, थरथरत, पण सरळ उभे! ओटीवर टाळ्या पडल्या. तेराव्याला टाळ्या आमच्या गावात पहिल्यांदाच पडल्या असतील. सुनंदा पुन्हा रडायला लागली, मीही लागलो.

मोरवाला पलंग शेठने हसत परत घेतला. (तो आता आणखी अँटिक झाला असेल.) राहिला माझा. आबा गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, आलात, रिकाम्या हाताने कसे जाणार? हा घेऊन जा. मी माझ्या हाताने देतो, जिवंतपणी देतो, आणखी काय पायजे?"

गुरुजींनी दिवाणाला प्रदक्षिणा घातली. स्पंज दाबला. बोट वर यायला वेळ लागला. पेटी उघडली, वास घेतला, बंद केली. "आजवर जे दिलं ते घेतलं," ते म्हणाले. "मोडक्या खाटा घेतल्या. ढेकणांसकट घेतल्या. कधी नाही म्हटलं नाही." मग सामानाकडे नजर टाकून म्हणाले, "छत्री चालेल."

छत्री घेऊन ते गेले. दिवाण पुन्हा पडवीत ढकलला तो तिथेच राहिला, कारण तो उचलायला आता कुणी येत नाही. दुपारी जेवण झालं की मी त्यावर लवंडतो. झोप उत्तम लागते, प्रश्न फक्त उठायचा असतो. मी खालून हाका मारतो, "अरे, मला उठवा रे!" सुनंदा ऐकत नाही. मग ओटीवरून काठीचा आवाज येतो. आबा स्वतःचे स्वतः उठलेले असतात, आणि मला उठवायला येत असतात.